वापरणारे हजारो, तपासणारे मोजके

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली १९ वर्षे संगणकशास्त्र शिकवतो. गेल्या पावसाळ्यात एका विज्ञानपत्रिकेच्या संपादकांनी माझ्याकडे एक मुक्तस्रोत लायब्ररी परीक्षणासाठी पाठवली आणि सोबत विचारले की, दुसरा परीक्षक कुठेच मिळत नाही, तुमच्या माहितीत कोणी आहे का. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. एखादे ठरावीक काम करणारा आणि कोणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घेता येईल असा तयार कोडचा संच. मुक्तस्रोत म्हणजे तो कोड सर्वांना वाचायला, वापरायला आणि बदलायला मोकळा ठेवलेला. मी दोन संध्याकाळी बसून अकरा जणांना फोन केले. त्यांत माझे माजी विद्यार्थी होते, हिंजवडीत दहा-बारा वर्षे नोकरी केलेले मित्र होते, दोन प्राध्यापक होते. बहुतेक सगळे अशा लायब्रऱ्या रोज वापरतात, त्यांच्या जोरावर पगार मिळवतात. होकार एकीचाच आला. बाकीच्यांची कारणे ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की, कौशल्य या मंडळींकडे भरपूर आहे, पण संकोच आड येतो. त्या संकोचाविषयी जाहीरपणे बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

परीक्षण म्हणजे नेमके काय, हे आधी सांगतो, कारण निम्मा संकोच अज्ञानातून येतो. या कामाला सगळे ‘पीअर रिव्ह्यू’च म्हणतात, म्हणजे बरोबरीच्या माणसाने केलेली तपासणी. ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ हे नियतकालिक मे २०१६ मध्ये सुरू झाले. ते लेखकाकडून पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही घेत नाही. लेखकाने आपली लायब्ररी आणि तिची ओळख करून देणारा काही पानांचा लेख पाठवायचा. संपादकाने किमान दोन परीक्षक शोधायचे. आणि परीक्षण ‘गिटहब’ या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांच्या डोळ्यांदेखत, नावानिशी चालते. परीक्षकापुढे एक यादी ठेवलेली असते. परवाना दिला आहे का, लिहिलेल्या सूचनांप्रमाणे लायब्ररी बसवता येते का, लेखक म्हणतो ते काम ती खरोखर करते का, चाचण्या आहेत का, नवख्या माणसाला उदाहरणे पाहून ती वापरता येईल का, अशा बाबी एकेक करून पाहायच्या आणि जिथे अडले तिथे लिहायचे. लेखक दुरुस्ती करतो, परीक्षक पुन्हा पाहतो. पहिल्या वर्षात या नियतकालिकाने अशा रीतीने तपासलेले १११ लेख प्रसिद्ध केले. छापलेल्या लेखावर परीक्षकांची नावे असतात. आकडेवारीच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्रऱ्यांसाठी ‘आरओपनसाय’ हा गट २०१५ पासून असेच काम करतो. यातल्या कोणत्याच परीक्षकाला मोबदला मिळत नाही. मला स्वतःला या एका परीक्षणासाठी साधारण दहा तास लागले, म्हणजे तीन रविवारच्या सकाळी.

आता त्या लायब्ररीविषयी. सर्वेक्षणात लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली उत्तरे घेऊन त्यांचे विषयवार गट पाडणे, हे तिचे काम. लेखक युरोपातील एक संशोधक, कोड नीटनेटका, चाचण्या भरपूर, आणि माहितीपत्रात लिहिलेले की ती जगातल्या कोणत्याही लिपीत चालते. मी सवयीने एक गावाचे नाव टाकून पाहिले: फलटण. शब्द जसाच्या तसा बाहेर आला. मी जवळजवळ समाधानाने त्या ओळीपुढे बरोबरची खूण करणार होतो, इतक्यात सहज ‘कोल्हापूर’ टाकले, आणि पडद्यावर क, ल, ह, प, र अशी पाच सुटी अक्षरे आली. काना, मात्रा, उकार, हलन्त, सगळे गळून पडले होते. कारण शोधायला पाऊण तास लागला. शब्द वेगळे काढण्यासाठी लेखकाने पायथन भाषेच्या अंगभूत ‘आरई’ मोड्यूलमधील ‘शब्दातले अक्षर’ या अर्थाची खूण वापरली होती, आणि ती खूण आपल्या स्वरचिन्हांना आणि हलन्ताला शब्दाचा भाग मानतच नाही. ‘फलटण’ या शब्दात एकही स्वरचिन्ह नाही, म्हणून तो बचावला. लेखकाने ज्या भाषांतील शब्द चाचणीला घेतले होते, त्यांत ही अडचण येतच नव्हती. त्याचा काही दोष नव्हता, त्याला देवनागरी वाचता येत नाही एवढेच. मी ते पाच तुकडे जसेच्या तसे लिहून पाठवले. आठ दिवसांत दुरुस्ती झाली, आणि मी दिलेले वीस मराठी शब्द आता त्या लायब्ररीच्या कायमच्या चाचण्यांत बसले आहेत.

याच प्रकारातली आणखी एक बाब सांगतो, कारण ती मराठीपुरती फार महत्त्वाची आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्ही शब्दांत फरक आहे तो फक्त र कसा लिहिला याचा. ‘दऱ्या’तला हा आडवा अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात. दुसऱ्यात साध्या र ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारी जोडखूण ठेवतात. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात, आणि म्हणून एका प्रकारे लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या प्रकारे लिहिलेला सापडत नाही. शिवाय मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या कित्येक प्रोग्रॅममध्ये न दिसणाऱ्या खुणा काढून टाकण्याची पायरी असते. ती जोडखूण तिथे गेली की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. या पत्रात वारंवार येणाऱ्या ‘लायब्रऱ्या’ या शब्दावरही तीच पाळी येते. ही चूक हंगेरीतल्या किंवा ब्राझीलमधल्या परीक्षकाला, तो कितीही निष्णात असला तरी, पडद्यावर दिसणार नाही. आपल्याकडच्या दहावीतल्या मुलीला ती पहिल्या नजरेत दिसेल.

दुसऱ्या परीक्षक म्हणून होकार दिलेली माझी माजी विद्यार्थिनी सध्या मिरजेत एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात संगणकाचे काम पाहते. तिने रात्री घरी, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून लायब्ररी बसवायला घेतली. पहिल्यांदा चालवताच ती लायब्ररी कोणतीही सूचना न देता भाषेचे एक मोठे मॉडेल उतरवून घेऊ लागली आणि तिचा दिवसाचा दीड जीबी डेटा संपून काम मध्येच थांबले. मी ते काम महाविद्यालयाच्या वायफायवर केले होते, त्यामुळे माझ्या हे ध्यानातही आले नव्हते. तिने भीत भीत मला विचारले की, असली घरगुती अडचण परीक्षणात लिहायची असते का. मी म्हणालो, हीच लिहायची असते. लेखकाने उत्तरादाखल तिचे आभार मानले, उतरवण्याआधी आकार सांगून परवानगी विचारण्याची सोय केली आणि एक छोटे मॉडेलही उपलब्ध करून दिले. परीक्षक लेखकापेक्षा वरचढ असावा लागतो, ही आपल्याकडची समजूत किती चुकीची आहे, हे या एका प्रसंगावरून मला पटले.

तपासणारे नसले की काय होते, याची उदाहरणे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत, तरी सर्वसाधारण वाचकांसाठी दोन सांगणे भाग आहे. ‘ओपनएसएसएल’ ही लायब्ररी संकेतस्थळे आणि आपले संगणक यांच्यातला व्यवहार गुप्त ठेवते. बँकेच्या पानावर दिसणाऱ्या कुलपामागे अनेक ठिकाणी तीच असते. २०११ च्या शेवटच्या रात्री तिच्यात एक बदल दाखल झाला. समोरून आलेल्या निरोपाची लांबी खरोखर सांगितली तेवढी आहे का, हे पडताळायचे त्यात राहून गेले होते. दाखल होण्यापूर्वी दुसऱ्या एकाने तो कोड पाहिला होता, त्याच्याही नजरेतून ते सुटले. मार्च २०१२ मध्ये ती आवृत्ती जगभर गेली आणि चूक जाहीर झाली ती एप्रिल २०१४ मध्ये. ‘हार्टब्लीड’ नावाने ती ओळखली जाते. त्या दोन वर्षांत कोणालाही दूर बसून सर्व्हरच्या स्मृतीचे तुकडे वाचता येत होते, त्यांत पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही असू शकत होत्या. एवढ्या पसाऱ्याचा भार वाहणाऱ्या या प्रकल्पाला तेव्हा वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत असत. कोड सर्वांसाठी उघडा होता. जो तो समजत होता की दुसरा कोणीतरी तो वाचतच असेल.

दुसरे उदाहरण मार्च २०२४ मधले, ‘एक्सझेड’ या फाइली आकाराने लहान करणाऱ्या लायब्ररीचे. तिची देखभाल करणारा गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा होता आणि थकला होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी मदतीला आले, दोन-अडीच वर्षे निमूटपणे उपयोगी बदल पाठवत राहिले, दुसऱ्या काही खात्यांवरून ‘नवीन माणूस घ्या, काम फार संथ चालले आहे’ असा दबाव आणला गेला, आणि विश्वास कमावल्यावर त्याच व्यक्तीने लायब्ररीत चोरदरवाजा बसवला. तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, दूरच्या यंत्रावर लॉग-इन होताना अर्धा सेकंद जास्त का लागतो हे शोधताना. या प्रसंगाची आठवण झाली की मला त्या थकलेल्या गृहस्थाचा विचार आधी येतो. त्याच्या सोबतीला चार प्रामाणिक तपासनीस असते तर अनोळखी मदतनीसावर एवढे विसंबून राहण्याची वेळ त्याच्यावर आली नसती.

परीक्षण नीट झाले तर काय साधते, याचाही दाखला आहे. सी प्लस प्लस भाषेसाठी १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘बूस्ट’ या संग्रहात कोणतीही लायब्ररी जाहीर परीक्षणाशिवाय घेतली जात नाही. एक व्यक्ती परीक्षणाची व्यवस्थापक होते, साधारण दहा दिवस कोणीही येऊन आपले मत सविस्तर लिहितो, लेखक उत्तरे देतो आणि शेवटी व्यवस्थापक निर्णय कारणांसह जाहीर करतो. अशा चाळणीतून गेलेल्या लायब्रऱ्यांमधल्या कल्पना पुढे भाषेच्या २०११ आणि २०१७ च्या अधिकृत मानकांत गेल्या. आमचे विद्यार्थी ‘शेअर्ड पॉइंटर’ हा त्या भाषेतला घटक परीक्षेसाठी पाठ करतात, तो तिथूनच आला. मात्र बूस्टलाही हीच अडचण भेडसावत आली आहे: लायब्ररी तयार असते, लेखक तयार असतो, आणि परीक्षणाची जबाबदारी घ्यायला माणूस मिळत नाही म्हणून ती रांगेत पडून राहते.

आता त्या दहा नकारांकडे येतो. कंपनीची परवानगी लागेल, असे तिघे म्हणाले. नोकरीच्या करारात तशी अट असू शकते, तेव्हा विचारून घेणे योग्यच. पण तिघांपैकी एकानेही विचारले मात्र नव्हते. दोघांनी वेळेचे कारण दिले, ते मी मान्य केले. एकाला इंग्रजी लिहिण्याची धास्ती होती. त्याला मी माझे परीक्षण वाचून दाखवले: तिसरी पायरी केली, विंडोजवर अशी सूचना आली, असे अपेक्षित होते. यापेक्षा अवघड वाक्य त्यात नव्हते. उरलेल्या चौघांचे उत्तर थोड्याफार फरकाने एकच होते: ‘सर, मी कोण त्यांना सांगणारा?’ यातला एक जण बारा वर्षे रोज पायथन लिहितो आणि कंपनीत चाळीस जणांचा कोड तपासतो.

या वाक्याने मला फार अस्वस्थ केले. आपल्या शिक्षणात तपासणे हा वरच्याने खालच्यावर चालवायचा अधिकार आहे. मास्तर वही तपासतात, बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेतात, साहेब फाइलवर शेरा मारतात. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाचे काम पाहून ‘इथे मी अडलो’ असे मोकळेपणाने सांगावे आणि समोरच्यानेही ते मनाला लावून न घेता दुरुस्त करावे, ही सवय आपल्याला कोणी लावलेली नाही. मीही वर्गात ती लावली नाही, हे कबूल करतो. चार वर्षांत विद्यार्थी शेकडो प्रोग्रॅम लिहितो, पण दुसऱ्याने लिहिलेला एक तरी प्रोग्रॅम बसून वाचावा आणि त्यावर दोन पाने लिहावीत, असे आम्ही त्याला कधी सांगत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना आहे. तिसऱ्या वर्षाच्या मिनी-प्रोजेक्टला पर्याय म्हणून दोघा विद्यार्थ्यांनी मिळून एका मुक्तस्रोत लायब्ररीचे संपूर्ण परीक्षण करणे मान्य करावे आणि शिक्षकाने आधी वाचून पसंत केल्याशिवाय ते बाहेर पाठवू नये. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे ‘सायलॅब’ या गणिती मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये कोड करून पाठवतात आणि ती तपासून झाल्यावरच स्वीकारली जातात; तेव्हा असली शिस्त आपल्या राज्यात अगदीच अपरिचित नाही. दुसरी विनंती महाविद्यालयांना. माझ्या वार्षिक स्व-मूल्यमापनाच्या अर्जात परिषदांना लावलेल्या हजेरीसाठी रकाना आहे, परीक्षणासाठी नाही. तो असावा. त्यापेक्षाही, आठवड्यातला एक तास या कामासाठी वेळापत्रकात मोकळा मिळावा.

इथे एक सावधगिरी मला आवर्जून सुचवायची आहे. श्रेय केवळ संख्येवर दिले तर उलटेच होईल. ‘हॅक्टोबरफेस्ट’ हा मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावण्यासाठी दर ऑक्टोबरात होणारा उपक्रम. २०२० मध्ये त्यात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता, तेव्हा माहितीपत्रात एखादा निरर्थक शब्द वाढवून पाठवलेल्या बदलांचा जगभरच्या प्रकल्पांवर पूर आला आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. त्यात आपल्या देशातले विद्यार्थी बरेच होते, हे वाईट वाटले तरी खरे आहे. अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले अहवाल डोळे झाकून चिकटवले जातात. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या ‘कर्ल’ या लायब्ररीचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ च्या सुरुवातीपासून त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली आहे, कारण दिसायला नीटनेटका पण पोकळ अहवाल खोटा आहे हे सिद्ध करण्यात त्यांच्या सहकाऱ्यांचे तासन् तास जातात. अशा परीक्षणापेक्षा परीक्षण न केलेले बरे. गुण द्यायचेच तर परीक्षकाने लायब्ररी स्वतःच्या यंत्रावर चालवली का, आणि त्याच्या लिहिण्यामुळे तिच्यात काय बदलले, हे पाहून द्यावेत.

आणि परीक्षक फक्त संगणकवाल्यांमधून शोधू नयेत. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. तिच्या नोंदींवर काम करणारा विद्यार्थी खगोलशास्त्रातल्या लायब्ररीचे परीक्षण निव्वळ प्रोग्रॅमरपेक्षा अधिक जाणतेपणाने करील. पावसाच्या नोंदी ठेवणारे, रुग्णालयातली आकडेवारी सांभाळणारे, नकाशे करणारे, ग्रंथपाल, भाषेचे प्राध्यापक, या सर्वांच्या कामाच्या लायब्रऱ्या आज तपासनीसाची वाट पाहत आहेत. मराठी मजकूर हाताळणाऱ्या लायब्रऱ्यांना तर मराठी वाचणारा माणूसच हवा.

आमच्या प्रयोगशाळेत येत्या जुलैपासून दर शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही काही जण एकत्र बसून एकेका लायब्ररीचे परीक्षण करणार आहोत. मिरजेची ती विद्यार्थिनी पहिल्या शनिवारी स्वतःच्या परीक्षणाची हकीकत सांगायला येणार आहे, आणि ‘मी कोण सांगणारा’ म्हणून नकार दिलेल्या चौघांपैकी दोघांनी यायचे कबूल केले आहे. इतर महाविद्यालयांतील ज्या शिक्षकांना असे काही सुरू करायचे असेल, त्यांना आमची तपासणीची यादी आणि मराठी शब्दांच्या चाचण्या देण्यास मी तयार आहे. आपण हे पत्र छापल्यास मी आभारी राहीन.

आपला नम्र,
संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक, जि. सांगली